खिडकीपाशी सरकवलेलं टेबल

अठ्ठ्याहत्तर साल होतं आणि मला अठरावं लागलेलं. बाकी तारखा माझ्या ध्यानात राहिल्या नाहीत. तिसरीतून शाळा सोडलेल्या माणसाच्या त्या कशाला राहतील. पण हे साल राहिलं, कारण त्याच साली पावसाळा संपता संपता आबांचा आवाज बसला आणि परत काही उठला नाही. आबा म्हणजे माझा बाप, दानियल. ओढ्याच्या अंगाला आमची पंधरावीस ख्रिस्ती घरं, आणि त्या घरांचा आबा पंच. गडी अंगानं बारका, पण आवाज असा, की घाटनांदूरच्या बाजारात एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस मागं बघायचा. तो आवाज गेला. उरली ती सुकलेल्या पाचटावरून कुणी चालावं तशी खरखर. वैद्य झाला, तालुक्याचा डॉक्टर झाला, मायनं हळद-दूध पाजून पाजून पातेली काळी केली. काही फरक पडला नाही.

माझ्या मायचं नाव रूथ. सगळी आळी तिला रूथाबाई म्हणायची. पोरगी असताना ती मिशनच्या बोर्डिंगात राहिलेली, सातवीपर्यंत शिकलेली. तिला लग्नात काय मिळालं असं कुणी विचारलं तर ती सांगायची, एक ट्रंक, एक पाटी आणि एक शास्त्र. शास्त्राला, म्हणजे बायबलाला, तिनं जुन्या छत्रीचं काळं कापड शिवून घातलेलं. आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे, एक जात्याचा आणि दुसरा तिच्या पुटपुटण्याचा. जात्यावर बसली की बाकीच्या बाया ओव्या म्हणत, ही कालचा पाठ म्हणायची. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं. पावणारावळा येणार असला की येसराची आमटी, आणि मग तो वास ओढ्यापलीकडं जायचा. मी त्या वासात आणि त्या पुटपुटण्यात वाढलो. आजही कुणी बारीक आवाजात वाचायला लागलं की मला भूक लागती. सूनबाई हसती, पण खरंच लागती.

आता मुख्य गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा यायचे. रेल्वेनं घाटनांदूरला उतरायचे आणि तिथून भाड्याची सायकल. बाकीच्या रविवारी उपासना आबांनी चालवायची, असं त्यांनी ठरवून दिलेलं. पण आबांना वाचता येत नव्हतं, आणि हे साहेबांना ठाऊक नव्हतं. आळीत एकाही गड्याला येत नव्हतं. वाचता यायचं ते एकट्या मायला, आणि बाईनं प्रार्थनेच्या खोलीत टेबलामागं उभं राहायचं नाही, मंडळीत तोंड उघडायचं नाही, असा दंडक. मग या लोकांनी काय केलं, तर माय बायांच्या बाजूला अगदी पुढं, टेबलाच्या पायाशी खाली बसायची. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला. मांडीवर शास्त्र. ती खालून बारीक आवाजात एक ओळ वाचायची आणि आबा वरून तीच ओळ खणखणीत आवाजात म्हणायचे. ती वाचायची, ते म्हणायचे. सगळ्यांना सगळं दोनदा ऐकू यायचं, पण ऐकलं असं फक्त आबांचं धरायचे. बाहेर पडल्यावर म्हातारे म्हणायचे, दानियल, आज चांगलं वाचलंस बघ. आणि आबा मान डोलवायचे. प्रार्थना सुद्धा तशीच. म्हणजे देवाला सुद्धा आधी मायचं आणि मग आबांचं ऐकावं लागायचं. गाणं मात्र बायांनी मोठ्यानं म्हटलेलं चालायचं. ढोलकीवर बाया अशा गायच्या की छपराचे पत्रे थरथरायचे. त्याला कुणाची हरकत नव्हती.

याच्याही पुढची एक गोष्ट हाय. ती लिहू का नको असा मी लई दिवस विचार केला. चार दिवस जी बाई बाहेर असंल तिनं प्रार्थनेच्या खोलीत यायचं नाही, अशीही आमच्यात रीत. ही रीत शास्त्रातून आलेली नव्हती, आमच्या जुन्या घरांतून आमच्याबरोबर चालत आलेली. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बाकी बरंच धुऊन गेलं, हे तेवढं राहिलं. मग मायचे ते दिवस रविवारी आले की पंचाईत. वाचणार कोण? त्याच्यावर सुद्धा तोड काढलेली. खोलीला ओढ्याच्या बाजूनं एक खिडकी होती. माय त्या खिडकीखाली बाहेर गोणपाटावर बसायची, आणि आत टेबल त्या खिडकीपाशी सरकवायचे. ती बाहेरून वाचायची, आबा आतून म्हणायचे. शास्त्र तिचं स्वतःचं, त्यामुळं शिवाशिवीचा सवाल नव्हता. पण टेबल खिडकीला लागलेलं दिसलं, की आल्या आल्या लहानथोर सगळ्या मंडळीला कळायचं की रूथाबाईचं काय हाय. पोरं एकमेकाला कोपरानं ढोसायची. मी मोठा होत गेलो तसं मला ते टेबल बघवेना. दर रविवारी आत पाय टाकायच्या आधी मी लांबूनच बघून घ्यायचो, टेबल कुठं हाय.

आबांचा आवाज गेल्यावर पंच बसले. शामूकाका, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, त्याला वाटत होतं आता टेबल आपल्याकडं यावं. पण शामूकाकाला ओळ ध्यानात राहायची नाही. दोन रविवार त्यानं म्हणून पाहिलं, तर मायनं एक सांगावं आणि यानं भलतंच म्हणावं. बाया पदरात हसायला लागल्या. मग मला उभं केलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पांढरा सदरा, तेल लावून भांग, आणि समोर सगळी मंडळी माझ्याकडं बघतीया. पण तो अभिमान फार टिकला नाही. हौदावर बैल पाजायला गेलो की शामूकाका चारचौघांत म्हणायचा, आला बघा रूथाबाईचा पोपट. आबांना इतकी वर्षं कुणी पोपट म्हटलं नव्हतं. माझ्या मनात ते कुसळासारखं राहिलं. मायच्या ओळी आता माझ्या तोंडातून जात होत्या, आणि ते जाताना मला जाणवायचं की ती वाचताना कुठं थांबती, कुठं तिचा आवाज भरून येतो. मी तिथं तसाच थांबायचो. लोक मला म्हणायचे, काय मनापासून म्हणतो पोरगं.

दिवाळी झाली. कारखान्यांचे भोंगे वाजायच्या बेतात होते, टोळ्या निघायच्या होत्या. आमच्या आळीतली निम्म्याच्या वर घरं ऊस तोडायला जायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव नवऱ्याचं. मी बिनलग्नाचा, म्हणून अर्धा कोयता. टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब येऊन सगळ्यांना आशीर्वाद देऊन जायचे. त्या रविवारी गाडीचा पत्ता नव्हता. वाट बघून बघून पंच म्हणाले, सुरू कर इसाक. टेबल खिडकीपाशी सरकवलेलं होतं.

मी निम्म्यात आलो असंन. बाहेरून मायची ओळ आली, मी म्हटली. मग पुढची येईना. मी थांबलो. खिडकीतून सायकलची घंटा ऐकू आली आणि मागोमाग पाळकसाहेबांचा आवाज. ते ओढ्याच्या वाटेनं आले होते, आणि येता येता पहिल्यांदा त्यांना दिसली ती खिडकीखाली गोणपाटावर बसलेली माझी माय. त्यांनी विचारलं, बाई, बरं नाही का, बाहेर का बसलात? आता परक्या पुरुषाला बाई काय सांगणार. ती उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. शेवटी आतून म्हातारी चंद्राबाई गायीला हाकावं तशा आवाजात बोलली, "ती चार दिस बाहेर हाय, साहेब." गडी माणसं खोकायला लागली. मी टेबलामागं खिडकीकडं कान लावून, अर्धं वाक्य तोंडात धरून उभा. साहेब दारात आले, त्यांनी मला बघितलं, टेबल बघितलं, खिडकी बघितली. हुशार माणूस, सगळं कळलं. त्यांनी आबांना विचारलं, हे कधीपासून चाललंय? आबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या धर्मात असं बाहेर बसणं नाही, बाई, आत या. माय उंबऱ्यापर्यंत आली. तिनं एक पाय आत टाकला, तर बायांच्या रांगेतल्या पहिल्या चारपाच बायांनी आपापली लुगडी आवरून घेतली, तिचा धक्का लागू नये म्हणून. गड्यांनी नव्हे, बायांनी. माझी सख्खी काकू त्यात होती. मायनं ते बघितलं आणि पाय मागं घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली. साहेबांनी पण बघितलं. उरलेली उपासना त्यांनीच घेतली, आणि मी माझ्या पांढऱ्या सदऱ्यात गड्यांच्या रांगेत जाऊन बसलो.

दुपारी साहेबांचं जेवण आमच्या घरी. माय अंगणात चिंचेखाली वेगळी, म्हणून काकूनं रांधलेलं. घोंगड्यावर साहेब, आबा, शामूकाका आणि दोन म्हातारे पंच. साहेबांनी सांगितलं की असं वाचणं हे ढोंग आहे, देवापुढं ढोंग चालत नाही. यावर शामूकाकाला राग आला. तो म्हणाला की शास्त्रातच लिहिलंय, बाईनं मंडळीत उगी राहावं, पौलानं स्वतः लिहिलंय, आमी तर तेच पाळत होतो. ती वाचत होती, बोलत दानियल होता. साहेबांना हसू आलं, ते त्यांनी तांब्याआड लपवलं. पण तसं लिहिलेलं तर आहेच.

तेव्हा अंगणातून मायचा आवाज आला. दार उघडं होतं, ती चिंचेखाली बसल्या जागेवरूनच बोलत होती. घरात इतकी माणसं असताना तिचा आवाज मी पहिल्यांदाच असा पुरा ऐकला.

"साहेब, एक इचारू का? प्रभूच्या कबरेवर पहाटं कोण गेलं होतं? बायाच ना? प्रभू उठला, जाऊन सांगा, असं त्यान्लाच म्हणलं ना? त्या उगी बसल्या असत्या तर आज तुमी सायकल मारीत कशापायी आला असता?"

शामूकाका घास चावता चावता म्हणाला, "वैनी, आज म्हागं म्हणाया कुणी न्हाई. जरा सांभाळून बोला." म्हातारे हसले. काकू चुलीपाशी हसली. आबा हसले नाहीत.

साहेबांनी हात धुतले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांचं बोलणं माझ्या पक्कं ध्यानात हाय. "बाई, तुम्ही म्हणता ते मला माहीत आहे. मी स्वतः त्यावर उपदेश केला आहे. पण ही मंडळी पंधरावीस घरांची. दुखावून ती मोडली तर माझ्या हाती काय राहील?"

बस, एवढंच. मला वाटतं, त्या दिवशी साहेबांना काही माहीत नसतं तर बरं झालं असतं. माणसाला माहीत नसलं तर सांगता येतं. माहीत असून जो हात धुतो त्याला काय सांगावं. आता आमची प्रार्थनेची खोली पक्की झाली, स्लॅब पडला, माईक आला. वर्षातून एक रविवार बायांचा म्हणून असतो, त्या दिवशी बाया उपासना चालवतात. म्हणजे बाकीचे रविवार कुणाचे ते वेगळं विचारायला नको. माझी थोरली सून पंचात हाय. मी तिला एकदा विचारलं की पंचात तू काय करतीस. ती म्हणाली, मामा, सही करते आणि जेवणाचं बघते. बोलून बोलून मी दमलोय. माझ्याशी वाद घालणारे मेले, आणि त्यांच्या जागी त्यांचीच पोरं त्याच जागेवर बसलीत, फक्त पँटी घालून.

तर साहेबांनी तोड काढली. इसाकनं यंदा टोळीत जायचं नाही. घरी राहायचं, आणि मायनं त्याला घरातल्या घरात वाचायला शिकवायचं. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, साहेब येऊन माझं वाचणं ऐकतील. मला नीट वाचता आलं की ढोंगही मिटलं, खिडकीही मिटली आणि शास्त्रही पाळलं गेलं. साहेब म्हणाले, मग बाईंनाही त्रास नाही. सगळ्यांना पटलं. शामूकाकाला सुद्धा पटलं, टोळीच्या मुकादमाला मी सांगतो म्हणाला. आबांनी मान हलवली नाही, पण ते कुणी बघितलंही नाही. मायला कुणी विचारलं नाही. ऊन उतरल्यावर साहेब सायकल घेऊन निघून गेले.

त्यांची पाठ वळल्याबरोबर मायनं मला हाक मारली. ट्रंकेतली पाटी काढून आण म्हणाली. मी आणली आणि लांबून जमिनीवर सरकवली. मला वाटलं होतं ती रडत असंल, चिडली असंल. ती तर खुशीत होती. पदरानं पाटी पुसत होती. मी शाळा सोडली तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती, ते मला आठवलं. मला अक्षरं वळखू यायची, पण एकमेकाला जुळायची नाहीत. ती म्हणाली, बस, आजपासूनच धरू.

मी म्हटलं, "मी शिकणार न्हाई."

"कावून?"

"मला आलं की तुला उगी बसवतील."

तिनं पाटी खाली ठेवली. "मी उगीच हाय की, इसाक. लोकांनी ऐकला तो तुझ्या बापाचा आवाज. मग तुझा. माझा कुणी ऐकलाय?"

"म्हणूनच म्हणतो. मी न्हाई शिकलो तर त्यान्ला ऐकावा लागंल."

"आन् तू? जल्मभर अंगठा उठवीत बसशील? लोक मला हसणार न्हाईत, तुला हसतील."

"हसू दे."

तिनं पाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुला माझा कळवळा हाय, का शामूचा राग हाय? ते आधी ठरीव."

"दोन्ही हाय," मी म्हटलं. ते खरं होतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगीन. लोकांना वाटतं माणसानं चांगलं काम निव्वळ चांगल्या मनानं करावं. माझ्या मनात तेव्हा माय होती आणि पोपट म्हटलेला तो हौद पण होता. त्यातलं कोणतं जास्त, हे मोजत बसलो असतो तर काहीच केलं नसतं.

ती पुढं लई बोलली. तिचं म्हणणं, मी शिकलो तर माझ्या पोरांना उपयोग होईल. तिचं काय, तिचं आयुष्य गेलं. मी हट्टाला पेटलो की कुणाचं ऐकत नाही, तेव्हाही ऐकलं नाही. मी सांगितलं की मी टोळीत जाणार. सगळे धड गडी गेल्यावर आळीत राहणार कोण? म्हातारे, लेकुरवाळ्या बाया आणि बिनआवाजाचे आबा. म्हागं म्हणायलाच कुणी राहणार नाही. मग तिनं वाचावं, नाहीतर मंडळीनं वाचल्याविना राहावं. ती म्हणाली, मला भांडणात ढकलून तू ऊस तोडायला चाललास. मी म्हटलं, हो.

आबा उंबऱ्यावर बसून ऐकत होते. ते उठले, आमच्यापाशी आले, आणि त्या खरखरत्या आवाजात, प्रत्येक शब्द ओढून काढावा तसं बोलले, "जाऊ दे त्याला. तू वाच. मी खाली बसून ऐकतो." इतकं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. मायनं बसल्या जागेवरून पाण्याचा तांब्या उचलला, मग तिला आठवलं की आपण शिवायचं नाही, आणि तिनं तो खाली ठेवला. आबांनी वाकून तो तिच्या समोरून उचलला आणि प्यायले.

त्या हंगामात काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नाही, नंतर चंद्राबाईकडून ऐकलं. पहिल्या रविवारी मायनं वाचलं आणि सवयीनं प्रत्येक ओळीमागं थांबत गेली. कुणी काही म्हणलं नाही. मग हळूहळू ती थांबायची बंद झाली. उभी ती कधीच राहिली नाही, बसूनच वाचायची. आबा गड्यांच्या रांगेत पहिले बसायचे. त्या बाहेरच्या दिवसांत मात्र ती खिडकीतूनच वाचायची, ते काही सुटलं नाही. पुनरुत्थानाच्या सणाला साहेब आले, त्यांनी ऐकलं, नाराज झाले आणि पुढच्याच महिन्यात लातूरकडून एक मॅट्रिक झालेला पोरगा आणून बसवला. त्याला सगळं वाचता यायचं. माय बायांच्या रांगेत मागं जाऊन बसली आणि मरेपर्यंत तिथंच बसली. ती पाटी तिनं बऱ्याच वर्षांनी परत माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, आता तुझा हट्ट कुणाच्या कामाचा न्हाई, बस. तेव्हा मी बसलो. तीस वर्षांचा घोडा, मिशा फुटलेला, दोन पोरांचा बाप. हे जे मी वेडंवाकडं लिहितोय ते तिनं शिकवलेलं. मग मिळवलं काय, असं सूनबाई विचारती. एक हंगाम. मला तेवढा पुरेसा नाही, पण पस्तावाही नाही.

तर त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडं फुटायच्या आत मी उठलो. भाकरी मी स्वतः थापल्या, जाड आणि वाकड्या झाल्या, त्यावर शेंगदाण्याची चटणी टाकून फडक्यात बांधल्या. माय चिंचेखाली जागी होती, पण तिनं तोंड फिरवलं, आणि मीही हाक मारली नाही. मुकादमाच्या दारात बैलगाड्या जुंपत होत्या. शामूकाका पहिल्या गाडीत पाय पसरून बसलेला. मला बघून त्याची बिडी ओठांवरच राहिली. "तू कशाला आलास बे? रविवारी उभं कोण राहणार?"

"माय हाय की," मी म्हटलं आणि गाडीत चढलो. त्यानं पाय आवरले नाहीत. मी ते ओलांडून मागं जाऊन बसलो.